उभी पेटी

१

कोंडाजीचं माप कधी चुकत नसे, आणि हे तो स्वतः कमी आणि त्याची बायको अंबुबाई जास्त सांगत असे. चिंचवडच्या एका फाउंड्रीत तो पॅटर्न शॉपला होता. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करायचा, हे त्याचं काम. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा ठेवावा लागतो. दर वेळी आकडेमोड नको म्हणून या लोकांकडे एक वेगळी पोलादी पट्टी असते. दिसायला चारचौघींसारखी, पण तिच्यावरचा प्रत्येक इंच केसभर लांब. ती चुकून घरच्या कामाला वापरली की दार चौकटीत बसत नाही आणि गिऱ्हाईक जन्मभर ऐकवतं.

शिफ्ट सुटल्यावर कोंडाजी काळेवाडीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या पडवीत घरगुती कामं करी. साल सत्त्याहत्तर. पुण्याकडे टीव्ही दिसू लागून चार-पाच वर्षं झाली होती, आणि ज्याच्या घरी सेट आला त्याच्या घरच्या जुन्या लाकडांवर संक्रांत आली होती. एकाने आजीच्या फडताळाच्या फळ्या काढून त्यात टीव्ही बसवला. एकाने देव्हाऱ्यातले देव कोनाड्यात हलवले आणि त्यांच्या जागी सेट मांडला, वर क्रोशाचा रुमाल आणि प्लास्टिकची फुलं. देवांनी तक्रार केली नाही, त्यांना सवय असते. कुलूप लागलं पाहिजे ही मात्र सगळ्यांची अट, कारण रविवारच्या सिनेमाला अर्धी चाळ घरात येई आणि मग आठवडाभर कुणीही येऊन बटणं पिळी.

चिखलीच्या साहेबरावाची पेटी आली ती अशीच. त्याची जमीन कारखान्यांत गेली, त्याबदली त्याला कंपनीत नोकरी लागली, आणि घर पाडून नवं बांधताना माळ्याखाली ही सागवानी पेटी निघाली. चार फूट लांब, कडेला पितळी फुल्या, झाकणाला हाताएवढा कोयंडा. ती उभी करायची, झाकणाची दोन दारं करायची, आत सेट. कल्पना साहेबरावाची. कोंडाजीला ती आवडली.

"एक हाय मिस्त्री," टेम्पोतून पेटी उतरवताना साहेबराव म्हणाला, "आई म्हणती ही उभी करू नगा. आमच्यात कदीच उभी केली न्हाई. आता म्हाताऱ्या मानसाचं काय ऐकायचं."

कोंडाजीने पेटीच्या कोपऱ्यांवर बोट फिरवलं. सांधे जुने होते. उभी केली तर भार चुकीच्या बाजूला येईल, म्हातारी बरोबर बोलतेय, असं त्याला वाटलं. "आतून चार पट्ट्या मारतो," तो म्हणाला. "मग शंभर वर्षं उभी राहील."

सुताराला सगळं सुताराच्याच कानाने ऐकू येतं. त्याने म्हातारीचं बोलणं लाकडाबद्दल आहे असं धरलं आणि पेटी आतल्या खोलीत, चुलीसमोरच्या भिंतीला, उभी केली. पडवीत जागा नव्हती.

२

पहिल्या दिवशी पेटीची आतली खोली वीस इंच भरली. सेटला सतरा लागतात, मागे तीन इंच हवा खेळायला. कोंडाजीने भिंतीवर पेन्सिलीने वीस लिहिलं आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या कापण्याआधी त्याने सवयीने पुन्हा मापलं. एकोणीस इंच सहा सूत.

तो हसला. वीस इंच कारखान्यातल्या त्या लांब इंचांच्या पट्टीने मापले की एवढेच भरतात, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. म्हणजे कारखान्यातली पट्टी घरी आली. त्याने हातातली पट्टी उलटून पाहिली. ती घरचीच होती. कारखान्याची पट्टी खोक्यात, फडक्यात गुंडाळलेली होती.

"अगं, काल मी माप नीट घेतलं होतं ना?"

"मला ईचारता?" अंबुबाई भाकरी थापत म्हणाली. "उद्या मी तुमाला ईचारीन, मीठ घातलंय का."

मग काल चुकलं असेल. चुकतं माणसाचं. पण कोंडाजीचं चुकत नसे, आणि ही गोष्ट त्याला जेवताना खड्यासारखी लागत राहिली. त्याने बाहेरून माप घेतलं. बाहेरून पेटी होती तेवढीच होती. तिसऱ्या दिवशी आतून एकोणीस इंच दोन सूत भरले, आणि आता कुठल्याही पट्टीला दोष देता येईना. पेटीच्या पाठीची फळी त्याने वाजवून पाहिली. पाऊण इंचाची, एकसंध. आत काही चिकटवलेलं नाही, फुगलेलं नाही. त्याने हात आत घालून फळीपर्यंत नेला. शेवटच्या वितीत हवा जरा ऊबदार होती.

३

त्याच संध्याकाळी अंबुबाईच्या डाव्या दंडावर त्याला चार काळेनिळे पट्टे दिसले.

"चौकट लागली," ती म्हणाली.

चौकटीला चार बोटं नसतात, हे त्याला दिसत होतं. पण बाईमाणूस दिवसभर घरात शंभर कामं करतं, कुठे काय लागेल सांगता येत नाही, असं त्याने मनाशी म्हटलं. सोळा वर्षांच्या संसारात त्याने तिच्यावर हात उगारला नव्हता. त्याचा बाप उगारायचा. आईचा सुजलेला डोळा पाहतच कोंडाजी मोठा झाला होता, आणि लग्नाच्या दिवशी त्याने स्वतःशी जे ठरवलं ते आजवर पाळलं होतं. अंबुबाईला हे ठाऊक होतं. नळावर बायका नवऱ्यांची गाऱ्हाणी मांडत तेव्हा ती गप्प बसून कळशी भरी, आणि त्या गप्प बसण्यात तिचा तोरा असे.

दुसऱ्या दिवशी कोंडाजीने पेटीच्या पाठीला भोक पाडलं. सेटच्या काचेच्या नळीचं शेपूट मागे निघतं, शिवाय आत ऊब साठू नये, म्हणून नऊ इंच चौकोन कापावा लागतो. करवत फळीतून गेली आणि आतून एक लांब श्वास सुटल्यासारखी हवा आली. बंद पेटीतली कोंडलेली हवा. कोंडाजीने नाक मुरडलं आणि चौकोन काढून बाजूला ठेवला.

तो कामावर गेला तेव्हा अंबुबाई पेटीकडे पाठ करून भाकऱ्या करत होती. परत आला तेव्हा ती पेटीकडे तोंड करून बसली होती आणि तिचा खालचा ओठ फाटला होता.

"मागून लागलं," ती म्हणाली. या वेळी तिने चौकटीचं नाव घेतलं नाही. "मी तव्याकडं बघत हुते. पाठीमागनं कुनीतरी केस धरले आन् तोंड तव्याच्या कडंवर आपटलं. दार आतनं लावलेलं हुतं."

"चक्कर आली असंल."

"चक्कर केस धरती व्हय?"

तिने पदराखालून मूठ पुढे केली. मुळासकट उपटलेले केस होते.

४

शनिवारी कोंडाजी मुद्दाम घरी थांबला. पडवीत रंधा मारत होता, पण कान आत होते. सकाळी दहाची वेळ. रस्त्यावर कल्हईवाला ओरडत होता, शेजारच्या दुर्गाबाई पापड वाळत घालत होत्या.

आतून आवाज आला. ओली गोणी फरशीवर टाकावी तसा. मग तोच आवाज पुन्हा, आणि पुन्हा. घाईने नव्हे, मोजून मारल्यासारखा.

तो धावत आत गेला. अंबुबाई पेटीसमोर गुडघ्यांवर होती, हात डोक्यावर. तिच्याजवळ कुणीच नव्हतं. तो पाहत असतानाच तिचं डोकं एका बाजूला झटक्याने फिरलं आणि गालावर पाच बोटं उमटली. कोंडाजीने तिला उचलायला हात पुढे केला, आणि तेवढ्यात दारात दुर्गाबाई उभ्या राहिल्या.

त्यांनी काय पाहिलं हे सांगायला नको. बायको खाली, नवरा वर, हात उगारलेला.

"कोंडाजीराव," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडनं असं वाटलं न्हवतं."

"त्यांनी न्हाई मारलं," अंबुबाई रक्त गिळून म्हणाली.

"सगळ्याच असं म्हणतात बाई," दुर्गाबाई म्हणाल्या आणि गेल्या. दुपारपर्यंत सगळ्या आळीला कळलं, आणि सोमवारी खेडला जाणाऱ्या कुणाच्या तरी तोंडी निरोप अंबुबाईच्या भावाकडे, जयसिंगकडेही पोचला.

५

त्या दुपारी अंबुबाई पोटावर झोपली होती आणि कोंडाजी तिच्या पाठीला हळद-तेल लावत होता. दोन खांद्यांच्या मध्ये एक अख्खा पंजा उमटला होता. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, रेघ न् रेघ स्पष्ट.

त्याला स्वतःच्या मनाची शंका येत होती, आणि ती शंका त्याला कुठल्याही भुतापेक्षा भयंकर वाटत होती. बाप असाच मारायचा आणि सकाळी विचारायचा, डोळ्याला काय झालं. आपणही मारून विसरत असू तर? त्याने पट्टी आणली. स्वतःचा हात त्याला पाठ होता, मनगटाच्या रेघेपासून बरोबर साडेसात इंच. सुतार लोक हाताने मापतात, म्हणून हात मापून ठेवतात. त्याने पट्टी हलकेच तिच्या पाठीवर ठेवली.

साडेसात इंच आणि वर अर्ध्या सुताहून थोडं जास्त.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याशा फरकाने तो सुटला होता. हा हात त्याचा नव्हता. तो मोठा होता.

मग तो फरक त्याच्या डोक्यात घोळू लागला. फुटामागे एक सूत, म्हणजे साडेसातांमागे किती? त्याने हिशेब केला नाही. उठून खोक्यातलं फडकं सोडलं, कारखान्याची पट्टी काढली आणि ती तिच्या पाठीवर ठेवली. त्या पट्टीवर पंजा साडेसात इंच भरला. बरोबर साडेसात, केसाचाही फरक नाही.

आधी नमुना होतो. मग त्यावरून ओतीव, ते थंड होऊन आकसतं, आणि हवं त्या मापाचं होतं. वीस वर्षं तो हेच करत आला होता. तिच्या पाठीवर त्याच्या हाताचा नमुना होता.

"किती भरलं?" अंबुबाईने उशीत तोंड ठेवूनच विचारलं.

"माझा न्हाई," तो म्हणाला.

"ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "मापायची काय गरज हुती."

६

रविवारी तो सायकल मारत चिखलीला गेला. साहेबराव ॲण्टेनाचा पाइप आणायला गेला होता. त्याची आई सरूबाई ओट्यावर एकटी शेंगा फोडत होती.

"उभी केली का?" तिने विचारलं. नाव-गाव विचारलं नाही.

"केली."

ती शेंगा फोडत राहिली. तिची उजवी करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती, हाड मोडून तसंच जुळल्यासारखी. "माजं लगीन झालं त्या साली सासऱ्यानं उभी केली हुती," ती म्हणाली. "धान्य ठिवायला. चार दिस. मंग चौघांनी मिळून आडवी केली. आडवी हाय तवर निजून ऱ्हातंय."

"काय?"

तिचा डावा कान त्याच्या बाजूला होता आणि त्या कानाने तिला ऐकू येत नसावं. त्याने पुढे सरकून मोठ्याने सांगितलं, "आजच आडवी करतो. फक्त पाठीला भोक पाडलंय, नऊ इंचाचं, ते बुजवून देतो."

सरूबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"भोक पाडलंस?" ती म्हणाली. ती शेंग खाली टाकून ती पुढे म्हणाली, "मंग आता ती आडवी ठिव न्हाई तर उभी ठिव. बाईला घरातनं काढ."

"कुठं ठेवू तिला?"

"तू जितं न्हाईस तितं."

७

त्याने तरीही पेटी आडवी केली. दोघा शेजाऱ्यांना बोलावून ती अंगणात नेली, चौकोनी तुकडा पुन्हा जागी बसवला, सरस लावून खिळे ठोकले, वर पाटा-वरवंटा ठेवला. अंबुबाई दारातून पाहत होती. एक डोळा मिटलेला, तरी ती म्हणाली, "आता वाटण काय डोक्यावर वाटू?" त्याला हसू आलं, आणि हसताना त्याला भीती वाटली की हे तिचं शेवटचं बोलणं ठरेल.

तासाभराने, भर दुपारी, तिची डावी बरगडी मोडली. तो समोर बसला होता. दोघांच्या मध्ये चहाच्या दोन कपबशांशिवाय काही नव्हतं. तिचं अंग आतल्या बाजूला वाकलं आणि काटकी मोडावी तसा आवाज आला. कपातला चहा हललाही नाही.

डॉक्टरने पट्टा बांधला आणि कोंडाजीकडे असं पाहिलं की कोंडाजीने मान खाली घातली.

"तू खेडला जा," घरी आल्यावर तो म्हणाला. "जयसिंगकडं. म्हातारीनं सांगितलंय, मी जिथं न्हाई तिथं."

"न्हाई जायची."

"मरशील."

"मी गेले तर लोक म्हणतील, खरंच मारत हुता म्हणून गेली. सोळा वर्सं मी ताठ मानेनं नळावर गेले, ते कुनाच्या जीवावर? तुमच्या. ते असं सोडू व्हय?" पट्ट्यामुळे तिला पूर्ण श्वास घेता येत नव्हता. वाक्यं तुटत होती, पण निश्चय तुटत नव्हता. "आन् तुमी इथं एकटं ह्याच्यासंगं काय करनार?"

तो तिच्या पाया पडला. नवरा बायकोच्या पाया पडलेला त्या आळीत कुणी ऐकला नव्हता. तरी ती गेली नाही.

८

मंगळवारी सकाळी जयसिंग आला, दोन माणसं घेऊनच. दारात दुर्गाबाई आणि आणखी पाचसहा जणी. जयसिंगने बहिणीचं तोंड पाहिलं.

"दाजी, मी तुमाला देवमानूस समजत हुतो."

"त्यांनी न्हाई केलं," अंबुबाई भिंतीला टेकून म्हणाली. "जयसिंगा, आईची शपथ. त्यांनी बोट लावलं न्हाई."

जयसिंग घुटमळला. बहीण शपथ घेऊन खोटं बोलणारी नव्हती. तो दोघांकडे आळीपाळीने पाहू लागला, आणि कोंडाजीला दिसलं की आता हा बसणार, पाणी पिणार, समजूत घालणार आणि एकटाच परत जाणार. मग दुपार होईल. मग पुढची बरगडी, नाहीतर मान.

"मीच मारतो," तो म्हणाला.



"खोटं बोलतायत," अंबुबाई म्हणाली. "बघा की, तोंड बघा त्यांचं. मला घालवायला बोलतायत."

तेव्हा कोंडाजीने ठरवलं. एकच, सगळ्यांसमोर, म्हणजे शपथ पुसली जाईल. तो तिच्याजवळ गेला. तिचा उघडा डोळा त्याच्यावर होता, आणि त्यात भीती नव्हती, हे त्याला पुढे विसरता आलं नाही. त्याने हात उगारला आणि तिच्या गालावर मारला.

हात गालावर बसला तो आधीच्या वळांवर. पाच बोटं पाच बोटांवर बसली, कुठेही कमी नाही, जास्त नाही. साच्यातून काढलेला नमुना पुन्हा त्याच साच्यात बसावा, तसं. आणि तळव्यातून खांद्यापर्यंत असं एक सुख गेलं की त्याने हात मागे घेतला नाही. तो पुन्हा वर गेला. त्याने नेला नव्हता.

दुसरा तडाखा बसण्याआधी जयसिंगच्या माणसांनी त्याला आडवं पाडलं. ते मारत होते आणि तो मार त्याला हवा होता. अंबुबाईला ते हाताला धरून घेऊन गेले. जाताना ती मागे वळून पाहत होती की नाही हे त्याला दिसलं नाही, त्याच्या डोळ्यांत कपाळावरचं रक्त ओघळलं होतं.

९

संध्याकाळी त्याने अंगणातल्या पेटीवरचा पाटा उतरवला, झाकण उघडलं आणि आत पट्टी घातली. वीस इंच. पुन्हा मापलं. वीस. शेवटच्या वितीत हवा बाकीच्या हवेसारखीच गार होती.

मग त्याने स्वतःचा उजवा हात पट्टीवर ठेवला. साडेसात इंच आणि वर अर्ध्या सुताहून थोडं जास्त. त्याने कुठली पट्टी आहे हे तपासलं नाही. ती घरचीच होती, त्याला माहीत होतं.

कामावर तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाकावरचा दत्तोबा त्याच्या मागून येऊन काही विचारायला वाकला. त्यानंतरचं कोंडाजीला आठवतं ते एवढंच, की दत्तोबा खाली पडला होता, त्याचे दोन दात फरशीवर होते आणि लोक आपल्याला धरून ओढत होते. साहेबांनी त्याला घरी पाठवलं. चौकशी होईपर्यंत येऊ नको म्हणाले. घरी पाठवलं याचं त्याला बरं वाटलं, कारण पॅटर्न शॉपला धारदार पटाशा असतात.

पेटी मात्र त्याने पुरी करून दिली. दारं लावली, कुलूप बसवलं, चांगली झाली. साहेबराव आईला घेऊनच टेम्पोतून आला. सरूबाईने पेटीवर हात ठेवला, मग आत डोकं घातलं. "आता नुसतं लाकूड हाय," ती लेकाला म्हणाली. "ने. बघ तुजा सिनेमा." मग तिची नजर कोंडाजीच्या हातावर गेली. तिने पदर डोक्यावर घेतला आणि सासऱ्यासमोरून सून जाते तशी अंग चोरून लेकाच्या पाठीमागे गेली.

१०

अंबुबाई खेडला नीट होती. तिच्या अंगावर नवा वळ उठला नव्हता. दुर्गाबाईंच्या ओळखीच्या बाईने तसं सांगितलं, आणि कोंडाजी त्या दिवशी प्रथम पोटभर जेवला. म्हातारीचं खरं होतं. तो जिथे नव्हता तिथे ती जिवंत होती. आता जन्मभर तिथे जायचं नाही, एवढंच काम उरलं होतं, आणि ते जमण्यासारखं होतं. तो डाव्या हाताने जेवायला शिकला. उजवा मांडीखाली दाबून ठेवी.

तीन आठवड्यांनी एक पोस्टकार्ड आलं. अंबुबाईला लिहिता येत नसे, कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. तुम्ही मला घालवण्यासाठी मारलंत हे मला तेव्हाच कळलं. पेटी गेल्याचंही कळलं. जयसिंगला सगळं समजावून सांगितलं आहे. बुधवारी दुपारच्या एसटीने येते. पीठ आणून ठेवा.

कार्ड आलं तेव्हा बुधवारच होता आणि अकरा वाजले होते.

गाव सोडून पळावं असं त्याच्या मनात आलं. तो फाटकापर्यंत गेलाही. पण रस्ता एकच होता, आणि एसटी स्टॉपवरून ती त्याच रस्त्याने येणार होती. समोर आली तर? तो परत फिरला. पडवीतल्या बाकाला लाकूड आवळून धरायचा लोखंडी व्हाइस होता. त्याने उजवा हात दोन जबड्यांमध्ये घातला आणि डाव्या हाताने दांडी फिरवली. जबडे टेकले. त्याने आणखी फिरवली. हाडं एकमेकांवर चढल्याचं त्याला जाणवलं. आणखी एक आटा दिला, मग आणखी अर्धा. बोटं काळी पडली. घाम डोळ्यांत जात होता, पण हात धरला गेला होता, आणि कोंडाजीला किती दिवसांनी शांत वाटलं.

तिच्या वहाणांचा आवाज त्याने आळीच्या तोंडाशीच ओळखला. "आत येऊ नगंस," तो ओरडला. "अंबू, तिथंच थांब. माघारी जा."

ती पडवीत आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती आणि गालावर आता काहीच खूण नव्हती. तिने व्हाइस पाहिला, त्यातून बाकावरून खाली आलेली रक्ताची धार पाहिली, आणि पिशवी टाकून दिली.

"आगं बाई, हे काय करून घेतलं तुमी," ती म्हणाली.

"हात लावू नगंस त्याला. हात माझा न्हाई. तुला मापून दाखवतो, थांब, आधी ऐक माझं."

"ऐकते. आदी सोडवू द्या." ती रडत होती. "सोळा वर्सं ज्या हातानं मला घास दिला त्याला असं आवळलं व्हय?"

त्याने डाव्या हाताने तिला ढकललं. ती पुन्हा आली. जबड्यांमधली बोटं इतका वेळ मेल्यासारखी होती. आता ती बोटं अंबुबाईच्या दिशेने हळूच वळली. तिने पाहिलं नाही. तिने दोन्ही हातांनी दांडी धरली आणि ती उलटी फिरवायला लागली.